मालदीववर बहिष्कार आणि न्हावाशेव्यातून कांदा, दोन्ही एकाच वेळी कसं?

मालवणच्या एका सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाट्टेल ते लिहिलं, लोकांनी बहिष्काराची हाक दिली, तारकर्ली-देवबागवाल्यांनाही वाटलं की हे गिऱ्हाईक आता इकडे वळेल. आणि एप्रिलमध्ये सरकारनेच मालदीवला कांदा, अंडी, साखर पाठवायची परवानगी दिली, तीही इथे कांद्याला निर्यातबंदी असताना. मग बहिष्काराला अर्थ काय राहिला? आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढीही वस्ती नसलेला देश आपल्याला नाचवतो कसा?

आधी एक गैरसमज काढू. फुकट काहीही गेलेलं नाही. १९८१ च्या व्यापार करारानुसार दरवर्षी जिनसांची यादी निघते आणि प्रत्येक जिनसेपुढे कमाल मर्यादा लिहिलेली असते. तेवढा माल मालदीवचे व्यापारी पैसे मोजून विकत घेऊ शकतात. खरी सवलत वेगळीच आहे: त्या जिनसेवर भारतात निर्यातबंदी असली किंवा वर्षाच्या मध्ये लागली, तरी या कोट्याला ती लागू होत नाही.

२०२४-२५ चे आकडे बघा. तांदूळ १,२४,२१८ टन, गव्हाचं पीठ १,०९,१६२ टन, साखर ६४,४९४ टन, कांदा ३५,७४९ टन, बटाटा २१,५१३ टन, अंडी ४२ कोटी ७५ लाख. शिवाय नदीची वाळू आणि खडी प्रत्येकी १० लाख टन. करार झाल्यापासूनचा हा सगळ्यात मोठा कोटा, आणि तो निघाला ‘इंडिया आउट’ (भारतीय सैन्य हटवा) म्हणत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांच्या पहिल्याच वर्षात. २०२२ च्या जनगणनेनुसार मालदीवची लोकसंख्या ५ लाख १५ हजार आहे. म्हणजे माणशी वर्षाला आठशेच्या वर अंडी! ती काही फक्त माले शहरातल्या घरांत शिजत नाहीत, रिसॉर्टची न्याहारीही त्यावरच चालते. वाळूचंही तसंच. प्रवाळाच्या बेटांवर बांधकामाजोगी वाळू मिळत नाही, त्यामुळे तिथला पूल, धावपट्टी, इमारती सगळं बाहेरून आलेल्या वाळू-खडीवर उभं राहतं.

इथल्या निर्यातदारांसाठी एक सूचना. एप्रिल २०२४ मध्येच सरकारने धान्य-भाजीपाल्याच्या या कोट्यासाठी चारच ठिकाणं ठरवून दिली: मुंद्रा, तुतिकोरिन, न्हावाशेवा आणि दिल्लीतला तुघलकाबाद कंटेनर डेपो. म्हणजे तेव्हा उरणहून (न्हावाशेवा) माल जात होता, जयगड किंवा दिघीहून नाही. कोटा शिल्लक आहे एवढंच बघून कंटेनर भलत्या बंदरात नेला तर तिथेच अडकतो. कांदा-बटाटा असेल तर रोजचं भाडं सुरू आणि आत माल नासायला लागलेला. वाळूवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. हा कोटा नदीच्या वाळूचा आहे आणि उत्खननाच्या परवानग्यांचे कागद तपासले जातात. सीआरझेडमधली (किनारा नियमन क्षेत्रातली) खाडीची वाळू यात बसवायचा खटाटोप कोणी करू नये.

आता ‘नाचवतो कसा’ याकडे येऊ. आपल्याकडे सर्रास धरलं जातं की नाक दाबलं की तोंड उघडतं. हा प्रयोग करून झालेला आहे. २०१८ मध्ये मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यामीन यांच्या काळात संबंध बिघडले तेव्हा भारताने हाच कोटा कमी केला होता. यामीन काही नरमले नाहीत. त्यांची सत्ता गेली ती मतपेटीतून, आणि नवे सरकार आल्यावर कोटा परत वाढला. नेपाळचं उदाहरण याहून महाग पडलं. २०१५ च्या शेवटी सीमेवर इंधनाचे टँकर अडले. भारताने ती नाकेबंदी असल्याचं कधीच मान्य केलं नाही, पण नेपाळी माणसाने ती भारताच्याच खात्यावर मांडली, आणि मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी माल वाहतुकीचा करार केला. प्रत्यक्षात त्या वाटेने फारसा माल गेला नाही, हे खरं. पण काठमांडूतल्या कुठल्याही पक्षाला भारताशी बोलताना तो कागद पुढे करता येतो. लहान देशाला धान्याचा दुसरा दुकानदार शोधायला लावणं हे मोठ्या देशाने स्वतःचंच केलेलं नुकसान असतं. मुइझ्झूंनी जानेवारी २०२४ मध्ये चीनहून परतल्यावर तुर्कस्तानातून धान्य आणायची घोषणा केलीच होती. तुर्कस्तानचं जहाज लांबून येणार आणि महाग पडणार. इथला कोटा चालू असताना त्या घोषणेला बाजारात किंमत नव्हती. कोटा बंद केला असता तर आली असती.

सैन्याचा प्रश्न कसा सोडवला, तेही नीट बघण्यासारखं आहे. मालदीवमध्ये आपली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान आहे, रुग्णांना बेटांवरून हलवायला आणि समुद्रावर नजर ठेवायला. त्यासाठीची माणसं तेव्हा शंभराच्या आतच, पण गणवेशातली. मुइझ्झूंना निवडणुकीतला शब्द पाळायचा होता, भारताला विमानं तिथेच ठेवायची होती. २ फेब्रुवारी २०२४ ला दिल्लीत तोडगा निघाला: सैनिक १० मेपर्यंत टप्प्याटप्प्याने परत, त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ. गणवेश गेला, यंत्र राहिलं. मालेत मुइझ्झूंनी विजय जाहीर केला, दिल्लीने तो त्यांना करू दिला.

सगळंच आपल्या मनासारखं झालं असं मात्र नाही. समुद्रतळाच्या सर्वेक्षणाचा २०१९ चा करार मालदीवने पुढे वाढवला नाही. मार्च २०२४ मध्ये चीनशी लष्करी मदतीचा करार झाला, त्याआधी फेब्रुवारीत चीनचं संशोधन जहाज मालेला लागून गेलं. महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट समुद्र ज्या देशाच्या हक्कात आहे, त्याच्या तळाचा नकाशा कोण बनवतो हे कांद्यापेक्षा कितीतरी मोठं प्रकरण आहे. तिथे भारताने गमावलं, हे कबूल करायला हरकत नाही.

मालदीवसारखं अलिप्त राहणं, म्हणजे कुठल्याच गटात न जाणं, ही डबल ढोलकी, असा एक शेरा प्रश्नाखाली कोणीतरी मारलाय. मला तो पटत नाही. १९७६ मध्ये ब्रिटिशांनी मालदीवच्या गान बेटावरचा हवाई तळ सोडला, तेव्हा पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने भाड्याने मागितला. पैसा चांगला मिळत होता, तरी मालदीवने नाही म्हटलं. पाहुणा तळ ठोकून बसू नये आणि सौदा मात्र सगळ्यांशी चालावा, हे त्यांचं जुनंच धोरण आहे. फक्त ते परवडायला खिशात डॉलर लागतात, आणि मुइझ्झूंची अडचण तिथेच झाली.

२०२४ च्या उन्हाळ्यापासून मालदीवची परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली आणि बाजारातलं कर्ज फेडायची चिंता लागली. तिथे कोट्याच्या जोडीला दुसरं साधन कामी आलं. स्टेट बँकेने मालदीव सरकारच्या ५ कोटी डॉलरच्या ट्रेझरी बिलांची (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची) मुदत बिनव्याजी एक वर्षाने वाढवली, मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा एकदा. ऑक्टोबरात मुइझ्झू स्वतः दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलर अधिक ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदल (आपलं चलन देऊन त्यांचं ठरावीक मुदतीसाठी घेणं) ठरली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षी आपले पंतप्रधान तिथे प्रमुख पाहुणे होते आणि ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर झालं. हे कर्ज रुपयांत आहे, ही गोष्ट बातम्यांत दबून गेली. त्याआधीची कर्जं डॉलरमध्ये होती, आणि डॉलरच तर त्यांच्याकडे नव्हते.

बहिष्काराचं म्हणाल तर तो लोकांनी केला, सरकारने अधिकृतपणे कधीच नाही. २०२३ मध्ये २ लाख ९ हजार भारतीय मालदीवला गेले होते, पहिला नंबर आपला होता. २०२४ मध्ये हा आकडा साधारण १ लाख ३० हजारांवर आला. पण मालदीवचे एकूण पर्यटक त्या वर्षी २० लाखांच्या पुढे गेले, चिनी लोकांनी आपली जागा भरून काढली. झळ लागली, कंबरडं मोडलं नाही.

आणि ते गिऱ्हाईक तारकर्लीला का आलं नाही, याचं उत्तर परराष्ट्र धोरणात शोधू नका. मालदीव विकतो तो एका बेटावर एकच रिसॉर्ट, पाण्यावरची खोली आणि बारा महिने उघडा समुद्र. आपल्याकडे मेच्या शेवटी बोटी आणि स्कूबा बंद होतात ते थेट पावसाळा ओसरेपर्यंत. मालदीवला जाणारा माणूस तिकीट रद्द करून गेला तो व्हिएतनाम-थायलंडला. तारकर्लीची खरी स्पर्धा गोव्याशी आहे, आणि तिथे रस्ता, स्वच्छतागृहं आणि चिपी विमानतळावरची विमानं हे मुद्दे येतात. त्यासाठी वेगळा धागा काढा.