चहातलं दूध आणि भुकेची मोजणी

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, घराघरांतली भूक मोजायची तुझी प्रश्नावली. मुंबईच्या गोवंडीतली घरं आणि परदेशातली घरं एकाच तक्त्यात मांडणार असशील, तर आधी मोजपट्टी ठरव.

९ प्रश्नांची एचएफआयएएस, म्हणजे घरातल्या अन्नाच्या असुरक्षिततेची पट्टी, सोपी दिसते, पण तिचे ० ते २७ गुण देशादेशांत थेट ताडून पाहता येत नाहीत. काळजी वाटली का, मनासारखं खाता आलं का, याची उत्तरं समाजागणिक वेगळ्या अर्थाने येतात. सगळीकडे एकाच अर्थाने घेतले जातात का, या तपासणीत शेवटचे ३ प्रश्न तेवढे टिकले. घरात खायला काहीच नव्हतं का, उपाशी झोपावं लागलं का, अख्खा दिवस-रात्र पोटात काही गेलं नाही का. त्यांचीच हाउसहोल्ड हंगर स्केल झाली. असं ३० दिवसांत १० वेळांपर्यंत घडलं तर त्या प्रश्नाला १ गुण, पुढे २. बेरीज २–३ आली तर मध्यम भूक, ४–६ तीव्र. पण ही पट्टी टोकाची भूकच पकडते. वाण्याकडे उधारी करून, डाळीत पाणी वाढवून भागवणारं घर तिला दिसत नाही. त्यासाठी एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, ८ हो-नाही प्रश्नांची एफआयईएस ही अनुभवांवरची पट्टी घे. तिथेही नुसते 'हो' मोजून देशांची तुलना करू नकोस. प्रश्न किती तीव्र आणि घर किती अडचणीत हे एकाच श्रेणीवर मांडणारं राश मॉडेल चालव, प्रत्येक प्रश्नाचा इनफिट, म्हणजे तो मॉडेलशी किती जुळतो याचा आकडा, ०.७ ते १.३ मध्ये बसतो का बघ, मगच जागतिक संदर्भश्रेणीशी जुळव.

'पैशाअभावी' हा शब्द प्रत्येक प्रश्नात हवाच. गाळलास तर संकष्ट्या आणि रोजेही भुकेत जमा होतील.

आहाराचा एफसीएस, म्हणजे आठवड्यात कोणता अन्नगट किती दिवस खाल्ला गुणिले त्या गटाचा भार, याची बेरीज घेणार असशील, तर चहापासून सावध! ७ दिवस भात-चपाती म्हणजे ७×२, १४ गुण. तेल ३.५, साखर ३.५. झाले २१, म्हणजे 'निकृष्ट' गटाची शेवटची पायरी. आठवड्यात एकदाच डाळ शिजली की २४, आणि घर वरच्या, मधल्या गटात. तेल-साखर रोजची असते तिथे म्हणूनच 'निकृष्ट' आणि मधल्या गटाच्या वरच्या सीमा २१/३५ ऐवजी २८/४२ धरतात. मुंबईत याच धर. खरा घोटाळा दुधाचा. चहातल्या चमचाभर दुधावर 'दूध' अशी खूण केलीस तर ७×४, एकदम २८ गुण फुकटचे. तेच घर ४९ वर जाऊन 'समाधानकारक' ठरतं. ते दूध मसाल्याच्या रकान्यात टाक, त्याचा भार ०.

मुलाखत स्वयंपाक करणारीची घे, नळाला पाणी येण्याची वेळ टाळून. सासू शेजारी बसली असेल तर सून मोकळं बोलणार नाही, पुन्हा जा. आणि हे रेशनकार्डाचं काम नाही, हे पहिल्याच वाक्यात सांग, नाहीतर आठही प्रश्नांना 'हो' मिळेल.