केमो चालू असताना आई उदास असते, प्रोबायोटिक (आतड्यासाठी चांगले मानलेले जिवंत जिवाणू असलेल्या गोळ्या) द्यावं का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मनःस्थितीशी जोडलेलं रसायन म्हणजे सेरोटोनिन, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. कॅन्सरच्या रुग्णांची उदासी या गोळ्यांनी जाते, असा ठोस पुरावाही नाही. उलट केमोने पांढऱ्या पेशी घटल्या असतील किंवा छातीत पोर्ट (शिरेत औषध सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल, तर त्याच जिवंत जिवाणूंचा क्वचित रक्तात संसर्ग होतो. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) चालू असेल तर आणखी जपून: २०२१ च्या एका अभ्यासात मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) झालेल्या उंदरांमध्ये प्रोबायोटिकमुळे उपचाराचा गुण कमी आला होता.

माझी मावशी भिंतीकडे तोंड करून पडायची, मऊ भात ताटात तसाच निवायचा. आम्ही ‘अशक्तपणा आहे’ म्हणत राहिलो, ते नैराश्य होतं. समुपदेशन आणि औषध सुरू झाल्यावर ती बोलू लागली. पुढच्या तपासणीला आईंची झोप, भूक, रडणं सगळं डॉक्टरांना सांगा.