पासवर्ड बंद केला, तरी सर्व्हर पासवर्ड विचारतोच!

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर उबुंटू २४.०४ आहे. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सेवेच्या 'एसएसएचडी_कॉन्फिग' या सेटिंग फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहून सेवा रीस्टार्ट केली, तरी पासवर्डने लॉगिन होतं. लॉगमध्ये 'रूट'च्या (सर्वाधिकारी युजरच्या) नावाने सतत फसलेले प्रयत्न दिसतात. पोर्ट बदलू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओळ बरोबर आहे, पण तिचा नंबर लागेपर्यंत निकाल लागलेला असतो. एसएसएच सर्व्हर एखादी सेटिंग पहिल्यांदा जशी सापडेल तशी धरतो, पुढची सोडून देतो. मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच 'इन्क्लूड' (दुसऱ्या फाइली इथे जोडा, असं सांगणारी ओळ) आहे, त्यामुळे 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. भाड्याच्या सर्व्हरवर तिथे बहुधा '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' असते आणि तिच्यात 'येस' लिहिलेलं असतं.

फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून त्याच फोल्डरमध्ये '१०-'ने सुरू होणारी आणि '.कॉन्फ'ने संपणारी स्वतःची फाइल करा. तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन', 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन' आणि 'परमिटरूटलॉगिन', तिन्ही 'नो'. त्याआधी 'सुडो'चा (रूटच्या ताकदीने कमांड चालवण्याचा) अधिकार असलेला वेगळा युजर एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, वापरून आत येतो, हे नक्की तपासा. ही की नाकारली गेली तर फाइलींच्या परवानग्या बघा : '.एसएसएच' फोल्डर ७००, 'ऑथोराइज्ड_कीज' ६००, आणि होम फोल्डरमध्ये ग्रुपला लिहिता येता कामा नये.

आता 'सुडो एसएसएचडी' लहान 'टी' लावून चालवा. काहीच छापलं नाही तर फाइलीत चूक नाही. मोठा 'टी' लावला की प्रत्यक्षात लागू असलेल्या सेटिंग्ज दिसतात. खात्री तिथेच करायची, फाइल उघडून नव्हे. रीस्टार्ट करताना चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून 'पबकीऑथेंटिकेशन=नो' देऊन, म्हणजे की न वापरता, लॉगिन करून बघा. पासवर्ड न विचारता 'परमिशन डिनाइड (पब्लिककी)' आलं, की काम झालं.

पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच. बदलायचाच असेल, तर नवा पोर्ट आधी यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूच्या फायरवॉलमध्ये) उघडा. २४.०४ मध्ये पोर्ट एसएसएच सेवा नव्हे, तर 'एसएसएच.सॉकेट' हे सिस्टिमडीचं युनिट धरून बसतं, म्हणून 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' करून तेच रीस्टार्ट करावं लागतं.

प्रश्न : यूएफडब्ल्यू चालू असूनही डॉकरमधला (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनातला) डेटाबेस बाहेरून उघडा कसा?

उत्तर : प्रकाशित (कंटेनरबाहेर उघडलेल्या) पोर्टसाठी डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम घालतो, ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या 'इनपुट' नियमांपर्यंत पोचतच नाही. '५४३२:५४३२'ऐवजी '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच सर्व्हरवरून उघडा राहील, आणि कंटेनर नव्याने तयार करा, नुसता रीस्टार्ट पुरत नाही. मग दुसऱ्या मशीनवरून एनमॅपने (उघडे पोर्ट शोधणाऱ्या साधनाने) तपासा.