‘स्कोप’ विचारण्याआधी नकोशी दुपार विचारा

‘पण याला स्कोप आहे का?’ हा प्रश्न करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे विषय बदलून येत राहतो. कधी पुरातत्त्व, कधी भाषाशास्त्र, कधी वनस्पतींचं वर्गीकरण. बहुतेक वेळा पालक बोलतात आणि मूल गप्प असतं. कधी उलटंही होतं. पालक राजी असतात आणि मूलच रात्री जागून नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत असतं. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिच्या घरात दोन्ही चाललं होतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आटोपल्या आहेत.

वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी., गुण उत्तम. पुढे वर्गीकरणातच पीएच.डी. करायची होती. वडील सोबत आले होते.

“मॅडम, सगळ्या झाडांना नावं देऊन झाली की. आता फोनसमोर पान धरलं तरी नाव येतं. मग हिचं काम काय?”

“बाबा, दरवर्षी जवळपास २,००० नव्या प्रजातींची नोंद होते.”

“होत असेल. पगार कोण देतं?”

दोघंही बरोबर होते, म्हणूनच वाद संपत नव्हता. अशा वेळी मी निवाडा करत नाही. माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं. जंगलं, डोंगर, नव्या प्रजातीचा शोध हे सगळं ती तोंडी परीक्षेत उत्तरं द्यावीत तसं सांगत होती. कल चाचण्या मीही घेते, पण माणूस आपल्या साध्या दिवसाबद्दल कसं बोलतो ते मला त्या आलेखांपेक्षा जास्त सांगून जातं. सहकारी यावरून माझी चेष्टा करतात. करोत.

पुढच्या एका भेटीत ती एकटी आली. मी विचारलं, “या विषयातली तुझी सगळ्यात नकोशी दुपार कुठली?”

ती बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही.

“जंगलातली,” ती म्हणाली. “पाऊस, जळवा, आणि रात्री नमुने वाळवायच्या प्रेसमधले ओले कागद बदलत बसायचं. मला जंगलात जायला आवडत नाही, मॅडम. पण वर्गीकरणवाल्यांनी असं म्हणायचं नसतं.”

“आणि संपूच नये असं वाटलेली दुपार?”

मग अर्धा तास मी फक्त ऐकलं. हर्बेरियममधली, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, लव्हाळ्यांची कपाटं. फूल इवलंसं, फळ मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं. ते भिंगाखाली धरायचं आणि पाहायचं: चपटं आहे की तिधारी? कुक्षीचे फाटे दोन की तीन? तेवढ्यावर पुढची वाट ठरते. कुणीतरी केव्हातरी शीटवर एक नाव लिहिलेलं असतं, नंतरच्या तज्ज्ञानं शेजारी चिठ्ठी डकवलेली असते की हे ते नव्हे, आणि त्याखाली तिसऱ्याची चिठ्ठी. “त्यांचं भांडण आपण ऐकतोय असं वाटतं,” ती म्हणाली आणि हसली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली.

गाठ कुठे आहे ते मला तिथे दिसलं. ती वडिलांपुढे ज्या करिअरची वकिली करत होती, ते तिला स्वतःलाच नको होतं. भटकणाऱ्या शोधकाचं चित्र तिनं कुठून तरी उचललं होतं आणि आपण त्यात बसत नाही ही लाज लपवून ठेवली होती. जे स्वतःला पटलेलं नाही ते दुसऱ्याला पटवता येत नाही. मग ती सगळी अस्वस्थता ‘स्कोप’च्या नावावर जमा होते. हे मी इतक्या जणांत पाहिलं आहे की आता तो शब्द ऐकला की आधी त्याच्या मागे काय दडलंय ते शोधते.

पुढच्या भेटीत तिनं वडिलांना खरं ते सांगितलं. ते चक्रावले. “कपाटासमोर बसायला पीएच.डी. कशाला लागते?”

यावेळी तिचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. तिनं राक्षसी वॉटर लिलीची गोष्ट सांगितली. लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये एक नमुना १७७ वर्षं पडून होता. ती दुसरीच, माहीत असलेली प्रजाती आहे असं सगळे समजत होते. वेगळी असल्याचं सिद्ध होऊन २०२२ मध्ये तिला ‘व्हिक्टोरिया बोलिव्हियाना’ हे नाव मिळालं. त्या शोधात एक चित्रकार स्त्रीही होती. २०१० मधल्या एका अभ्यासाचे आकडेही तिनं दिले. नव्या ठरलेल्या प्रजातींपैकी जेमतेम १६ टक्क्यांचं वर्णन नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांत झालं होतं. जवळपास पाव प्रजातींचे नमुने ५० वर्षांहून जास्त काळ वाट पाहत होते.

वडील म्हणाले, “म्हणजे काम पडलंय. पैसे पडलेत का?”

मला हा माणूस आवडला. कारण आता खरी चर्चा सुरू झाली, आणि ती मी प्रत्येक अशा घरात करवून घेते. शुद्ध वर्गीकरणाच्या कायम जागा थोड्याच असतात. बरीच वर्षं मुदतीच्या प्रकल्पांवर जातात. हे मुलांना आधीच सांगावं, गोड करून सांगू नये. पण दारं एकाहून जास्त आहेत: हर्बेरियम आणि वनस्पती उद्यानं, बियाणे बँका, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल, वनौषधींचा कच्चा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळा. शेवटच्या कामाचं मोल बेल्जियमनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अनुभवलं. वजन घटवण्याच्या उपचारात स्टेफानिया या चिनी औषधी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. दोन्हींची चिनी नावं मिळतीजुळती होती.

फोनच्या ॲपची भीती वाटणाऱ्यांना मी विचारते, त्या ॲपला शिकवलेल्या फोटोंवर नावं कुणी घातली? आणि लव्हाळ्याचं तिधारी फळ पानाच्या फोटोत दिसणार कसं? डीएनएचंही तसंच. वरवर वॉटर लिलीसारखं दिसणारं कमळ प्रत्यक्षात चिनारासारख्या वृक्षांच्या जवळचं आहे हे डीएनएनं दाखवलं, हे खरं. पण तपासलेला तुकडा कमळाचाच होता, हे शेवटी जपून ठेवलेला नमुना आणि तो ओळखणारा माणूसच सांगतो. म्हणून डीएनएचं विश्लेषण, संख्याशास्त्र आणि नकाशांचं सॉफ्टवेअर शिकून घ्यावं, आणि एखादा अवघड, कुणी फारसा हात न घालणारा गट आपला करावा. गवतं, लव्हाळे, शेवाळी. तिथे जाणकार कमी असतात आणि विचारणा थेट तुमच्याकडे येते.

जंगल मात्र तिला पूर्ण टाळता येणार नव्हतं, हेही मी स्पष्ट सांगितलं. झाड उभं असताना कसं दिसतं ते ठाऊक नसलेल्याचं वर्गीकरण लंगडं राहतं. तिनं तोंड वाकडं केलं, पण मान हलवली.

सध्या ती एका प्रकल्पात जुन्या नमुन्यांची नावं तपासून डिजिटल नोंदी करते आणि पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. मुदत संपत आली की घरात पुन्हा तोच विषय निघतो. निघावाच. त्या वेळी वडिलांसमोर काय ठेवायचं हे तिघांनी मिळून ठरवलं आहे: हातातली शिल्लक, पाठवलेले अर्ज आणि हा प्रकल्प गेला तर पुढचे सहा महिने काय करायचं याचा कागद.