‘ट्रान्झियंट’ म्हणजे क्षणिक की संक्रमणी?

प्रश्न असा: एका तांत्रिक अहवालाचं शीर्षक ‘उच्चदाब वायुरोधित उपकेंद्रांतील क्षणिक दाबांचे नमुनाकरण’ असं केलं आहे. यात ‘ट्रान्झियंट’साठी योजलेला ‘क्षणिक’ बरोबर आहे का, आणि बाकीचे शब्द खटकतात ते का?

आधी थोडक्यात उत्तर. ‘क्षणिक’ चूक नाही, पण तोकडा आहे. बाकीच्या शब्दांपैकी तीन मात्र वाचकाला सरळ भलतीकडे नेतात. ‘उच्च व्होल्टेजच्या वायुविसंवाहित उपकेंद्रांतील विद्युत संक्रमणांचे प्रतिरूपण’ असं लिहिलं तर अर्थ जागेवर राहील.

‘क्षणिक’ फक्त टिकण्याचा काळ सांगतो. दिवा लुकलुकला तर तेही क्षणिकच. ‘ट्रान्झियंट’च्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ मात्र ‘पलीकडे जाणं, ओलांडणं’ असा आहे, आणि ‘संक्रमण’ शब्दात नेमकी हीच कल्पना आहे. एक स्थिर अवस्था सुटली आणि दुसरी अजून लागली नाही, त्या मधल्या वाटचालीला ट्रान्झियंट म्हणतात. ती थोडाच वेळ चालते ही झाली पुढची गोष्ट. शिवाय ‘क्षणिक’ विशेषण आहे आणि इथे नाम लागतं. ‘क्षणिका’ म्हणावं तर छोटी कविता आठवते.

काळाचंच म्हणाल, तर अमरकोशातलं कोष्टक बघण्यासारखं आहे. तिथे १२ क्षणांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांची अहोरात्र, म्हणजे एक क्षण भरतो ४ मिनिटांचा! तेवढ्यात ५० हर्ट्झच्या विजेची १२,००० आवर्तनं होतात. इथे चर्चा आहे नॅनोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांची.

आता ‘दाब’. विद्युतदाब हा रुळलेला शब्द आहे आणि एरवी त्याला हरकत नाही. पण या उपकेंद्रांत बंद धातूच्या नळ्यांमध्ये सल्फर हेक्साफ्लुओराइड हा वीज अडवणारा (विसंवाहक) वायू साधारण ४ ते ६ बार दाबाने भरलेला असतो. ‘उच्चदाब वायु...’ एवढं वाचताच डोळ्यांसमोर वायूचाच दाब येतो, आणि गंमत म्हणजे ते विधान खरंही असतं. ओव्हरव्होल्टेजसाठी वापरला जाणारा ‘अतिदाब’ तर इथे धोक्याचा शब्द आहे. नळीत वायूचा दाब वाढला तर तो सोडायला वेगळी फुटणारी चकती असते, आणि ‘अतिदाबापासून संरक्षण’ म्हणजे ती चकती की व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर, हे वाक्यावरून कळत नाही. म्हणून इथे निमूटपणे व्होल्टेज आणि अतिव्होल्टेज लिहावं.

‘वायुरोधित’ची अडचण दुहेरी आहे. जलरोधक म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, ध्वनिरोधक म्हणजे आवाज अडवणारा. त्या चालीने वायुरोधित म्हणजे वायू अडवलेलं. इथे वायू वीज अडवतो, त्याला कोणी अडवत नाही. दुसरं म्हणजे हिंदीत ‘वायु’ म्हणजे हवा. मराठीत हवा वेगळी आणि वायू वेगळा; वायुगळती म्हटलं की गॅसचीच गळती. हिंदी परिभाषेतून शब्द उचलला तर उघड्या हवेतलं साधं उपकेंद्र आणि वायूने भरलेलं बंदिस्त उपकेंद्र यांची अदलाबदल होऊ शकते. ‘वायुविसंवाहित’ जड आहे हे मान्य. एकदा तो लिहून पुढे सरळ ‘जीआयएस’ (गॅस इन्सुलेटेड सबस्टेशन) म्हणावं, फक्त नकाशेवाल्यांचं जीआयएस वेगळं हे लक्षात ठेवून.

मॉडेलिंगसाठी योजलेला ‘नमुनाकरण’ वाचून चाचणीसाठी नमुने काढल्यासारखं वाटतं. ‘प्रतिरूपण’ बरा, कारण इथे खरोखर प्रतिरूप उभारायचं असतं. ते कसं उभारतात हे पाहिलं की ‘क्षणिक’ अपुरा का पडतो तेही उलगडतं.

जीआयएसमध्ये आयसोलेटर (एखादा भाग वेगळा करणारा स्विच) उघडताना त्याचा संपर्क हळू सरकतो, त्यामुळे फटीत पुन्हा पुन्हा ठिणगी पडते. दर ठिणगीला ४ ते २० नॅनोसेकंदांत चढणारी लाट दोन्ही बाजूंना सुटते. नळीतला तिचा वेग प्रकाशाच्या सुमारे ९५ टक्के, म्हणजे एका नॅनोसेकंदात जेमतेम २८ सेंटिमीटर. टोक उघडं असलेला १० मीटरचा तुकडा असेल तर चौथाई तरंगलांबीच्या हिशोबाने सुमारे ७ मेगाहर्ट्झचं आंदोलन मिळतं. म्हणून नळीचा प्रत्येक तुकडा लांबीसकट, ६० ते ७५ ओहम लहरअवरोधाची (लाटेला जाणवणाऱ्या अवरोधाची) वाहिनी म्हणून मांडावा लागतो. आतल्या वाहकाला आधार देणाऱ्या स्पेसरला १० ते २० पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) द्यायची. ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं प्रेरकत्व (इंडक्टन्स) इथे कामाचं नाही. लाटेला तो काही नॅनोफॅरडचा धारित्रच (कपॅसिटरच) दिसतो.

चुका बहुधा ठिणगीपाशी होतात. तिच्या जागी आदर्श स्विच टाकला तर लाटेचं अग्र, म्हणजे तिची चढती पुढची कड, उभी भिंत होतं आणि शिखर फुगतं. रूढ पद्धत अशी की रोध १०¹² ओहमपासून सुरू करून १ नॅनोसेकंदाच्या कालांकाने (टाइम कॉन्स्टंटने) घातांकी उतरवायचा आणि अर्ध्या ओहमवर थांबवायचा. गणनेची पायरी सर्वांत आखूड तुकड्याच्या प्रवासवेळेपेक्षा लहान हवी. पायरी १ नॅनोसेकंदाची आणि तुकडा २० सेंटिमीटरचा असेल तर तो तुकडा गणितात धड बसतच नाही.

इथेच आणखी एक शब्द सांभाळायचा आहे. आयसोलेटर उघडल्यावर बसवर (सुटलेल्या वाहकावर) जो विद्युतप्रभार उरतो तो ‘अडकलेला प्रभार’. त्याला ‘भार’ म्हणू नये, कारण भार म्हणजे लोड, आणि भारनियमन हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. या प्रभारामुळे सुटलेल्या तुकड्यावर −१ प्रति एकक (फेज ते जमीन व्होल्टेजचं शिखर म्हणजे १) आणि स्रोताच्या बाजूला +१ असेल तर फटीवर २ प्रति एकक येतं. दोन्ही बाजूंचा लहरअवरोध सारखा धरला तर प्रत्येकीकडे निम्मी, म्हणजे १ ची लाट जाते. ती उघड्या टोकाला दुप्पट होते आणि तिथलं व्होल्टेज −१ वरून +१ ला उडी घेतं. त्यावर इतर सांध्यांवरून परतलेल्या लाटा चढतात आणि शिखर साधारण १.५ ते २ पर्यंत, काही मांडण्यांत त्याहूनही वर जातं. यात ‘क्षणिक’पणा कुठे आहे? आहे तो ये-जा करणाऱ्या लाटांचा हिशोब.

याच लाटांना इंग्रजीत अग्राच्या चढाईवरून नावं आहेत. मराठीत मंदाग्र, शीघ्राग्र आणि अतिशीघ्राग्र हे शब्द छान बसतात. शिखर गाठायला २० मायक्रोसेकंदांहून जास्त (५००० पर्यंत) वेळ लागला तर मंदाग्र, अग्र ०.१ ते २० मायक्रोसेकंदांचं असेल तर शीघ्राग्र, आणि ०.१ हून कमी म्हणजे अतिशीघ्राग्र. ‘अतिशीघ्राग्र अतिव्होल्टेज’मध्ये दोन ‘अति’ येतात, पण अर्थ वेगळे असल्याने ते खपून जावं. वर्गवारी कोरडी वाटली तरी तिच्यावर पैसा ठरतो. ४२० किलोव्होल्टच्या उपकरणाचं १ प्रति एकक म्हणजे ३४३ किलोव्होल्ट, आणि आभाळातल्या विजेच्या (तडितेच्या) आघाताची सहनपातळी १४२५ किलोव्होल्ट, म्हणजे चौपटीहून थोडी जास्त. ११०० किलोव्होल्टला १ प्रति एकक होतं ८९८ आणि सहनपातळी २४००, पावणेतीनपटीहूनही थोडी कमी. व्होल्टेज वाढेल तशी मोकळीक आटते, म्हणून अतिशीघ्राग्राची धास्ती वरच्या पातळ्यांवर जास्त. सर्ज अरेस्टरला ‘तडितरोधक’ म्हणण्यातही इथे खोट आहे, कारण ही लाट आभाळातून येत नाही, आतल्याच आयसोलेटरने उठवलेली असते.

राहता राहिला अहवालातलाच आणखी एक शब्द, ‘भूसंपर्कित’ (अर्थिंग केलेला). आवरणाच्या नळीला भूसंपर्क दिला म्हणजे तिथे व्होल्टेज शून्य, असं हा शब्द सुचवतो. लाट आतल्या पृष्ठभागावरून धावते, पण वाहक आवरणाबाहेर काढणाऱ्या बुशिंगपाशी किंवा विसंवाहक घातलेल्या सांध्यातून ती आवरणाच्या बाहेरच्या अंगाला येते. भूसंपर्काच्या १ मीटर पट्टीचं प्रेरकत्व सुमारे १ मायक्रोहेन्री, म्हणजे १० मेगाहर्ट्झला ६३ ओहम. एवढ्या अवरोधावर आवरण काही काळ चांगलंच वर उचललं जातं आणि जवळच्या नियंत्रण केबलींत गोंगाट शिरतो. प्रतिरूपात म्हणूनच आवरणाची बाहेरची बाजू आणि जमीन मिळून दुसरी वाहिनी मांडतात. अहवालात तिथे ‘भूसंपर्कित आवरण’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘भूसंपर्काच्या पट्टीने जमिनीला जोडलेलं आवरण’ लिहावं, म्हणजे पट्टीची लांबी किती, हा पुढचा प्रश्न वाचक स्वतःच विचारेल.