केमनला जाताय? परमिट कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

दादा, तुम्ही विचारलंय की ग्रँड केमनला, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांपैकी सगळ्यात मोठ्या बेटावर, ऑडिटची ऑफर आहे, बायको आणि लहान मुलगी सोबत येणार, ब्रिटिश टेरिटरी असल्यामुळे पुढे यूकेचा मार्ग मोकळा होईल का, आणि तिथे एकटेपणा वाटेल का. टॅक्स नाही, समुद्र सुंदर, पगार डॉलरमध्ये हे सगळं तुम्ही वाचलं असेलच, त्यात मी शिरत नाही. माझे मिस्टर तिथे याच लाइनमध्ये होते, मी डिपेंडंट म्हणून, म्हणजे त्यांच्या परमिटवर कुटुंबातली म्हणून गेले, त्यामुळे हे बायकोच्या बाजूने लिहितेय.

यूकेचं डोक्यातून काढून टाका. गव्हर्नर लंडनहून येतो, पण इमिग्रेशनचा कायदा बेटाचा स्वतःचा आहे आणि वर्क परमिटवर यूकेत एक दिवस राहायचाही हक्क मिळत नाही. परमिट कंपनी काढते, त्या एका कंपनीसाठी आणि त्या एका पदासाठी. नोकरी गेली की नवऱ्याचं, बायकोचं, पोराचं सगळ्यांचंच राहणं संपतं, कारण सगळे त्याच एका कागदावर चढवलेले असतात.

आता डिपेंडंटचं. मी पुण्यात शाळेत गणित शिकवायचे. तिथे गेल्यावर फंड कंपन्यांमधली आपली चार-पाच सडी मुलं म्हणाली वहिनी डबा द्या, आम्ही महिन्याचे पैसे देतो. पोळी-भाजी, वरण-भात, यात काय मोठंसं, असं मलाही वाटलं, पण कायद्यात परमिटशिवाय पैसे घेऊन केलेलं कुठलंही काम गुन्हाच, दंड होतो, कैदही होऊ शकते, आणि काम देणाराही अडकतो. 2019 पासून दोन खाती आहेत, परमिटचं काम ‘वर्क’ नावाचं खातं बघतं आणि सीमा, धाडी, मुदत संपूनही राहिलेली माणसं हे कस्टम्स अँड बॉर्डर कंट्रोलकडे, त्यांच्या अधिकाऱ्यांना अटकेचे अधिकार आहेत. बेट एवढंसं की कोण कुठे काय करतं हे चार दिवसांत सगळ्यांना कळतं. मी डबे दिले नाहीत. ती मुलं रविवारी जेवायला यायची, फुकट, आणि तरी दारात अनोळखी गाडी थांबली की माझा हात पोळपाटावर थांबायचा. काही चुकीचं करत नव्हते तरी. या भीतीबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतेय.

आमचा मुलगा तिथेच झाला, राजधानी जॉर्ज टाउनला. जन्म झाला म्हणून तो केमनियन होत नाही, आई-बापापैकी कोणीतरी केमनियन असावं लागतं. म्हणजे बाळंतपणातून उठून आधी त्याला परमिटवर चढवायचा अर्ज, आणि भारतीय पासपोर्टसाठी कागद जमैकाला, किंग्स्टनच्या हाय कमिशनकडे, कारण केमनचं काम तिथून चालतं. एक फोटो परत आला, कान दिसत नाहीत म्हणे. महिन्याच्या बाळाचे कान!

सरकारी शाळा तिथल्या मुलांसाठी, आपण खाजगीत, फी आणि वेटिंग लिस्ट दोन्ही आधी विचारून घ्या. माझ्या मनात जे अजून सलतंय ते वेगळंच. वर्गात ‘माझा देश’ म्हणून चित्र काढायला सांगितलं, आमच्या मुलाने केमनचा झेंडा काढला, त्यातलं कासव आणि वरचं अननस अगदी नीट, खवल्या-खवल्यांसकट. बाई म्हणाल्या हा नाही, तुझा काढ. घरी येऊन त्याने मला विचारलं माझा कुठला. भारतात तो तोवर फक्त सुट्टीत आला होता. बाईंवर मी इतकी चिडले, पण कायद्याने त्या बरोबरच होत्या ना, याचाच जास्त त्रास झाला.

आणि रोलओव्हर, म्हणजे ठराविक वर्षं झाली की बेट सोडावं लागतं तो नियम. आमच्या वेळी नऊ वर्षं झाली की बाहेर, निदान वर्षभर परत परमिट नाही. 2013 आधी ती मर्यादा सातच होती. आठ वर्षं झाली की पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करता यायचा, 110 पॉइंट लागायचे, त्यात शिक्षण, पगार, तिथली गुंतवणूक, समाजात किती मिसळलात, बेटाच्या इतिहासाची परीक्षासुद्धा. मिस्टरांनी हिशेब मांडला, घर घेतल्याशिवाय जमत नव्हतं, आणि घराची किंमत आमच्या आवाक्यात नव्हती. आमची बेट सोडायची तारीख शाळेच्या ऐन मधल्या टर्ममध्ये आली. आता आम्ही कॅनडात आहोत.

एकटेपणाचं विचारलंत, तो जातो. माणसं भेटतात, गणपती बसतो, सगळं होतं.

मी अजूनही तिथल्या घरांच्या जाहिराती बघते, का ते विचारू नका. तुम्ही जा, जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मला परत बोलावलं तर मी आज निघेन. फक्त तुमच्या मिसेसना काम करायचं असेल तर त्यांची नोकरी आणि त्यांचं स्वतःचं परमिट हे घरून निघण्याआधीच बघा, तिथे गेल्यावर बघू असं करू नका. रोलओव्हरची मर्यादा आता किती वर्षांची आहे ते विचारून घ्या, आणि ती संपेल तेव्हा मुलगी कुठल्या इयत्तेत असेल ते आत्ताच मोजा. आणि तिथे दुसरं बाळ झालं तर जन्माच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती निघतानाच घ्या, बाहेरून मागवायला फार वेळ जातो.