मांजराला पिंजऱ्यात घेताना

ताई, नसबंदीसाठी भटकं मांजर धरायचं तर पिंजरा लावायच्या आधी काही दिवस त्याच जागी, ठरल्या वेळेला खाऊ घाला. आदल्या रात्री मात्र काही देऊ नका. सुकट पायपट्टीच्या, म्हणजे पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या, पलीकडे, अगदी टोकाला ठेवा. दार पडलं की लगेच जाड चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. हात आत घालायचा नाही. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकतो तेव्हा, लोखंडी पिंजरा उन्हात क्षणभरही नको! पहाटेच लावा, जवळच थांबा. थानं ओघळलेली, भोवतीचे केस झडलेली मांजरी सापडली तर सोडून द्या, तिची पिल्लं कुठंतरी उपाशी असतील. नसबंदीच्या भुलीतच डावा कान टोकाला कापून घ्या, ती नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे पुन्हा कुणी धरणार नाही. पूर्ण शुद्धीवर आल्यावर तिच्याच गल्लीत सोडा. फुटाळा तलावाकाठी नेऊन नाही, तिथं तिला ना खाणं ठाऊक, ना लपायची जागा.